लेकीकडे राहते म्हणायचं

जाग आली की लगेच डोळे उघडायचे नाहीत, अशी एक खोड मला अलीकडे लागली आहे. आधी कानांनी बघायचं. कोंबडा आहे का, शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीच्या गळ्यातली घंटा आहे का, घाटाकडे निघालेली एसटी वळणावर गियर बदलते तो आवाज आहे का. असला तर मी वैशाखऱ्याजवळच्या आमच्या वाडीत. आणि जमिनीतल्या जाळीतून ऊन ऊन वारा फुंकणारं ते यंत्र घुरघुरत असलं तर मी अमेरिकेत, लेकीकडे. पण कधी कधी दोन्हीपैकी काहीच ऐकू येत नाही. मग थोडा वेळ मी कुठलीच नसते. आपण राबातून भाताची रोपं उपटतो, मुठी बांधतो आणि खाचरात लावायच्या आधी बांधावर ठेवतो, तशी. मुळं उघडी, पण अजून ओली. खरं सांगू, तेवढा वेळ मला आवडतो. कुणी काही विचारत नाही.

विचारतात ते नंतर. त्या विचारण्याचीच ही गोष्ट आहे.

माझं माहेर शहापूर तालुक्यातलं, किन्हवलीच्या अलीकडचं. सासर मुरबाड तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. घरात आम्ही दोघीच, मोठी जाऊ आणि मी. दोघींचेही मालक गेले. तिचे मुलगे डोंबिवलीला, आणि माझी एकुलती एक लेक शिकून जी गेली ती पार तिकडे. ती तिथली नागरिक झाली आणि तिनं माझ्यासाठी अर्ज केला, म्हणून मला ते कार्ड मिळालं. आमच्याकडे सगळे ग्रीन कार्ड म्हणतात. लेकीनं पहिल्या दिवशी हातात ठेवलं आणि म्हणाली, आई, आता तू इथली पक्की रहिवासी. मी फोटो बघितला. चेहरा असा, जसं काही मला कुणी शिक्षाच सुनावली आहे.

त्या कार्डाचं एक आहे. ते पाकिटात असून भागत नाही, माणूस तिथं असावं लागतं. थोडे दिवस गावी जा, लग्नकार्याला जा, कुणी काही म्हणत नाही. पण सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात तर परत येताना विचारपूस होते, आणि वर्ष उलटलं तर कार्डावर भागतच नाही. लांब जायचं असेल तर निघायच्या आधी, तिथं असतानाच अर्ज करून एक परवाना काढायचा, बोटांचे ठसे द्यायचे. हे सगळं लेक मला दर वेळी समजावते आणि मी दर वेळी हो हो म्हणते. आमच्या आळीतल्या गुरुजींना मी हे सांगितलं तर त्यांना लगेच उमगलं. म्हणाले, आम्ही पेन्शनवाले नाही का दरवर्षी बँकेत जाऊन हयातीचा दाखला देत, तसंच हे. जाऊबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे हिनं तिकडं जाऊन सांगायचं, मी जिवंत हाय. इकडं जिवंत असली तर चालत नाय."

तेव्हापासून मी निघाले की वाडीत म्हणतात, कार्डाला तोंड दाखवायला चालली.

त्या वर्षी मी गणपतीला आले होते. दिवाळी झाली की परतायचं, म्हणून परवाना काही काढला नव्हता. भात कापून झालं, खळ्यावर झोडणी सुरू झाली, आणि जाऊबाई पेंढ्यावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुरबाडहून कल्याणला नेलं, आत सळई घातली. मुलगे म्हणाले, डोंबिवलीला चल. त्या गेल्याही, पण चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत त्यांना भूक लागेना, झोप येईना, आणि एके दिवशी मुलांनीच गाडी करून परत आणून सोडलं त्यांना. मग मी कशी जाणार? तिकीट पुढे ढकललं. लेक म्हणाली, बरोबर आहे, मोठ्या आईला सोडून येऊ नकोस. आणखी एकदा ढकललं. लेक म्हणाली, आई, जपून हं. मग शिमगा गेला, आंबे आले, धसईच्या बाजारात काकड्यांचे ढीग लागले आणि उठले, भाताची आवणी, म्हणजे लावणी, लागली. मी जाऊबाईंना धरून ओटीपासून अंगणापर्यंत चालवत होते आणि दिवस कसे जात होते ते मला कळत नव्हतं. स्वप्नात चालतो ना आपण, पाय उचलतो पण अंतर संपत नाही आणि त्याची काळजीही वाटत नाही, तसं ते वर्ष. सकाळी डोंगरावरून धुकं उतरायचं आणि आमचं अंगण, गोठा, समोरचं चिंचेचं झाड एकेक करून नाहीसं व्हायचं. जाऊबाई म्हणायच्या, बघ, गेली तुझी अमेरिका.

वर्ष भरत आलं तेव्हा लेकीचा आवाज बदलला. म्हणाली, आई, आता श्रावणात यावंच लागेल. तुला आत बोलावतील, विचारतील. तू नीट उत्तरं दिली नाहीस तर कार्ड जाईल, आणि मग नव्यानं सगळं करण्यात किती वर्षं जातील सांगता येत नाही. मी विचारलं, गेलं तर काय होईल गं एवढं? तिनं आधी नातीला दुसऱ्या खोलीत पाठवलं. मग म्हणाली, "मला काही झालं तर तू माझ्याजवळ असशील का, एवढंच आहे ते."

आधीच्या वर्षी तिचं मोठं आजारपण झालं होतं. त्यातून ती बरी झाली, पण दर काही महिन्यांनी तपासण्या चालू असतात. ते मी वाडीत कुणाला सांगितलं नव्हतं, जाऊबाईंना सोडून. म्हणजे कार्ड गेलं तर माझी जायची वाट बंद होणार, तीही नेमकी अशा वेळी. एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मग रोज संध्याकाळी तालीम. आमची संध्याकाळ ती तिची सकाळ. ओटीवर फोन उभा करून ठेवायचा, त्यात लेक कॉफी पीत बसलेली, आणि खाटेवर जाऊबाई. त्यांनी आपण होऊन साहेबाचं काम घेतलं. चष्मा नाकावर, हातात चालायची काठी.

"बोल गो बाय, कुठं राहतस?"

"वैशाखऱ्याला."

"आई!" फोनमधून लेक.

"चल, परत लायनीत उभी रहा," जाऊबाई म्हणायच्या आणि स्वतःच खदखदा हसायच्या, मग खुबा दुखला की हसायचं थांबायच्या.

लेक शांतपणे सांगायची. खोटं नाही बोलायचं, आई. तुझं अंथरूण इथं आहे, तुझं बँकेचं खातं इथं आहे, दरवर्षी तुझ्या नावानं टॅक्सचे कागद भरतो, तुझा डॉक्टर इथं आहे. गेली कितीतरी वर्षं तू वर्षातले जास्त महिने इथंच असतेस. मग सांग, मी लेकीच्या घरी राहते. एवढंच वाक्य आहे.

एवढंच वाक्य, आणि ते माझ्या तोंडून निघेना.

नव्या मुलांना हे समजायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे आईनं लेकीकडे राहायचं नसतं. जुन्या बायका तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. माझी आई शहापूरकडून किन्हवलीवरून एसटी बदलत बदलत मला बघायला यायची. ओटीच्या कडेला बसायची, पिशवी मांडीवर. खाली ठेव म्हटलं तर ठेवायची नाही. माझ्याकडे बघायची, घराकडे बघायची, आणि ऊन कलायच्या आत परतीची गाडी धरायची. मी एकदा रडले, राह ना गं एक दिवस. तर म्हणाली, लेकीकडे राहते असं म्हणायला जीभ उचलत नाय, बाय. लेक आईकडे आली तर तिला माहेरवाशीण म्हणतात, केवढा गोड शब्द. आई लेकीकडे गेली तर तिच्यासाठी शब्दच नाही. मग आपण पाहुणी म्हणायचं. मी तिकडे असते तेव्हा देवळात कुणी विचारलं तरी तेच म्हणते, लेकीकडे पाहुणी आले आहे.

आणि दुसरं कारण समोर खाटेवर बसलेलं. ज्या घरात मी नवरी म्हणून आले, जिथं या बाईनं मला चुलीपासून खळ्यापर्यंत सगळं शिकवलं, तिथं बसून, तिच्या तोंडावर कसं म्हणू, की मी इथं राहत नाही? एका संध्याकाळी लेकीच्या आग्रहाखातर मी पुटपुटले, "लेकीच्या घरी..." आणि बघितलं तर वाल सोलणाऱ्या जाऊबाईंचा हात थांबला होता. मी पुढचं गिळून टाकलं. थोड्या वेळानं त्या परत सोलायला लागल्या.

त्यानंतर मी तालमीला टाळाटाळ करायला लागले. नेट नाही म्हणायचे.

निघाले तेव्हा पाऊस धरून होता. टोकावड्यापर्यंत भाताची हिरवी खाचरं गाडीच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू मागे सरकत होती. मग विमान. विमानात मला नेहमी वाटतं की आपण मध्येच कुठंतरी मेलो तर आपल्याला ते कळायचं नाही. रात्र संपतच नाही, जेवण येतं, परत जेवण येतं, खिडकीबाहेर खाली ढगांची खाचरं. मी झोपेत जाऊबाईंना अंगणात चालवत होते. जागी झाले तर माझा हात शेजारच्या अनोळखी बाईच्या कोपराला धरून होता. तिनं तो तसाच राहू दिला होता, बिचारीनं.

उतरल्यावर विमानतळावरच्या तपासणीच्या खिडकीतल्या माणसानं माझं कार्ड बघितलं, पासपोर्टाची पानं उलटली आणि मला आतल्या खोलीत पाठवलं. मुरबाडच्या एसटी स्टँडवर दुपारी जशी माणसं बसलेली असतात तशी तिथं बसलेली. कुणी डुलक्या घेतंय, कुणाचं पोर पेंगुळलेलं. वर पांढरा लख्ख उजेड, त्याला दिवस नाही की रात्र नाही. मला भीती वाटायला हवी होती. पण डोळे मिटले की खाचरातलं पाणी दिसत होतं, त्यात ढग, आणि ढगांत कुणीतरी वाकून रोपं लावतंय. मध्येच मी खाली बघितलं, तर मी खुर्चीच्या कडेवर बसलेली आणि पिशवी मांडीवर. आई दिसली मला. मी पिशवी खाली ठेवली.

माझं नाव पुकारलं. टेबलापलीकडे एक तरुण बाई, केस घट्ट बांधलेले, आवाज मऊ. तिनं फोन लावला आणि फोनमधून एक मुलगी मराठी बोलायला लागली. तिचं मराठी शुद्ध, पण शाळेत उभं राहून धडा वाचावा तसं. नमस्कार आजी, मी तुमचं बोलणं इंग्रजीत सांगणार आहे, म्हणाली.

पहिला प्रश्न, एवढे महिने भारतात का थांबलात? मी म्हटलं, जाऊ पडली.

मग ती मुलगी म्हणाली, "कुठे जाऊ?"

"कुठं जाऊ नाही गं, माझी जाऊ."

"तुमचं जायचं राहिलं, असं का?"

"माझ्या मालकांच्या मोठ्या भावाची बायको," मी म्हटलं, "ती पडली, खळ्यावर. खुबा मोडला." खळं म्हणजे काय तेही सांगावं लागलं. मी दवाखान्याचे कागद काढून दिले. साहेब बाईनं ते बघितले, मान हलवली. तिला हसू आलं असावं, पण तिनं ते आवरलं.

मग म्हणाली, म्हणजे फोनमधली म्हणाली, "तुम्ही कुठे राहता?"

एवढी तालीम झालेली. आणि माझी जीभ गेली आपल्या जुन्या वाटेनं. मी म्हटलं, लेकीकडे पाहुणी असते.

मला फोनमधल्या मुलीचा श्वास ऐकू आला. मग अगदी सावकाश म्हणाली, "आजी, शब्द नक्की करून घेते. पाहुणी, म्हणजे काही दिवसांसाठी भेटायला आलेली. असंच सांगू?"

तिला मला मदत करता येणार नव्हती, ते तिचं कामच नव्हतं. पण तिनं तो शब्द माझ्यासमोर परत ठेवला. मला लेकीचा चेहरा दिसला, आजारपणातला, डोक्याला रुमाल बांधलेला. तेव्हा मी रात्रंदिवस तिच्या उशाशी होते. पाहुणी अशी बसते का कुणी?

"थांब," मी म्हटलं. "तसं नको सांगू. आमच्याकडे आईनं लेकीकडे राहते म्हणायचं नसतं, लाज वाटते, म्हणून पाहुणी म्हणतात. त्या बाईंना हे सगळं सांग. सांग की मी नातीची वेणी घालते. थंडीत कढीपत्त्याची कुंडी घरात घेते, उन्हाळ्यात बाहेर ठेवते. लेक आजारी होती तेव्हा घर मी चालवलं. टॅक्स भरतो आम्ही. माझ्या गोळ्या तिथल्या दुकानातून येतात. सासरी मी जाऊसाठी थांबले, ती चालायला लागली, आता आले."

मुलीनं सांगितलं. बरंच लांब सांगितलं. साहेब बाई माझ्याकडे बघत ऐकत होती. मग तिनं एकच काहीतरी विचारलं, आणि फोनमधून आलं, "मग तुम्ही तिथे राहता का?"

"राहते," मी म्हटलं. "मी माझ्या लेकीच्या घरी राहते."

आवाज जरा मोठाच निघाला. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस वळून बघायला लागला. माझे कान तापले होते, नवऱ्याचं नाव पहिल्यांदा चारचौघांत घेतल्यावर तापले होते तसे.

साहेब बाईनं बराच वेळ टाइप केलं. मग समजावलं, या वेळी जाऊ देते, पण परत एवढे महिने थांबायचं असेल तर निघण्याआधी परवाना काढा, नाहीतर अवघड होईल. आणि शिक्का मारला. फोन बंद होण्याआधी ती मुलगी म्हणाली, आजी, काळजी घ्या. हे तिनं कुणाचं बोलणं सांगितलं की स्वतःचंच, ते मला अजून कळलेलं नाही.

लेक बाहेर कठड्याला धरून उभी होती. गाडीत बसल्यावर मी तिला सगळं सांगितलं, पाहुणी म्हटलं तेही. मला वाटलं ती चिडेल. ती गाडी चालवत होती, रस्त्याच्या कडेची झाडं उन्हात पेंगत मागे जात होती.

"आई," ती म्हणाली, "तू अजून फ्रिज मला विचारून उघडतेस, माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

आता उरलं होतं ते जाऊबाईंना सांगायचं. दुसऱ्या दिवशी फोन लावला. पत्र्यावर पाऊस वाजत होता, तो मला इथपर्यंत ऐकू येत होता.

"इचारलं काय?"

"विचारलं."

"मंग, काय सांगितलंस?"

मला फिरवून सांगता आलं असतं. पण म्हटलं, जे परक्या बाईसमोर म्हणाले ते हिच्यापासून कशाला लपवू. "लेकीच्या घरी राहते, असं सांगितलं, जाऊबाई."

पाऊस वाजत राहिला. मला वाटलं फोन कट झाला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "माळ्यावर उंदरं लय झालीत. तुझ्या खोलीत आता मी भाताची कणगी ठेवते. रिकामीच असते ती."

"आणि मी आले की?"

"आलीस की ओटीवर निज. पावण्या ओटीवरच निजतात."

असं म्हणून फोन ठेवला त्यांनी. मी हसत होते की काय करत होते कुणास ठाऊक, नात धावत आली आणि विचारायला लागली, आजी, काय झालं?

परवाना मग रीतसर काढला. लेकीबरोबर जाऊन बोटांचे ठसे दिले. एका मुलीनं माझी बोटं एकेक करून काचेवर दाबली आणि म्हणाली, तुमच्या बोटांच्या रेषा पुसल्यात फार. भात लावून लावून, असं मला सांगायचं होतं, पण तिला ते कसं सांगणार, म्हणून नुसती हसले. लेकीच्या तपासण्या चांगल्या आल्या. मग तिनंच तिकीट काढलं, जा आता, मोठ्या आईला भेट, या वेळी घाई नको करू.

वाडीत आले तेव्हा भात घरात आलेलं होतं. माझ्या खोलीचं दार लोटलं तर आत खरंच कणगी, शेणानं सारवलेली, माझ्या छातीएवढी, आणि नव्या भाताचा तो कोंदट गोड वास. माझी पेटी तेवढी कोपऱ्यात सरकवून ठेवलेली. ओटीवर अंथरूण घातलेलं होतं, धुतलेली चादर, उशाशी तांब्या, वर भांडं. रीतसर पाहुणचार.

जेवणं झाली. मी पडले. थोड्या वेळानं काठीचा आवाज आला. जाऊबाई आपली गोधडी काखेत धरून बाहेर आल्या, माझ्या शेजारी घातली, आणि भिंतीचा आधार घेत, कण्हत कण्हत खाली बसल्या. मी म्हटलं, तुमची खाट आत आहे ना?

"आत लय उकडतं," त्या म्हणाल्या आणि गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. पौषातले दिवस होते.